‘परीक्षक’ म्हणालात म्हणून

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. मी लिहिलं होतं की, स्टार ट्रेक या अंतराळ-मालिकेच्या विश्वात रचलेली एखादी चाहत्याची कथा वाचून नुसतं ‘मस्त! पुढचा भाग कधी?’ असं लिहून थांबू नका. काय भावलं, कुठे अडखळलात ते नेमकं सांगा. त्यावर तुमचं म्हणणं असं की लोक हौसेनं लिहितात, न मागता चुका काढल्या की नवे लेखक लिहिणंच सोडतात, आणि ‘मॅडम, तुम्हाला परीक्षक कुणी नेमलं?’ शिवाय एक साल चुकलंय.

सालाचं आधी. ‘स्पॉकॅनालिया’ हा स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी काढलेला पहिला अंक १९६७चा, मी १९६८ लिहिलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘कुणी नेमलं’. हे वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षं मी रात्री पोळ्या आवरून या कथा वाचतेय, त्यांवर पान-पानभर लिहितेय, तेही फुकटच. परीक्षक हा शब्द तुम्ही शिवीसारखा फेकलात. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली, ती परीक्षकांनी नावाकडे न बघता कथा वाचावी म्हणूनच ना? आणि ही रीत चाहत्यांमध्ये मी आणलेली नाही. अंक पोस्टानं यायचे त्या काळात वाचक लांबलचक पत्रं लिहून कथेची चिरफाड करायचे. त्या पत्रांना ‘लेटर ऑफ कॉमेंट’ असं नावच होतं, आणि लेखक त्यांची वाट बघायचे.

‘लिहिणं सोडतात’ म्हणता, तर माझंच सांगते. माझी तिसरी कथा. गुरू ग्रहाजवळ अडकलेलं छोटं यान, सबस्पेस यंत्रणा, म्हणजे मालिकेतली प्रकाशाहून वेगानं संदेश पोचवणारी सोय, जळालेली, साधा रेडिओ तेवढा चालू. आणि नायिका पृथ्वीवरच्या आईशी वाक्याला वाक्य भांडतेय, जणू एक सदाशिव पेठेत आणि दुसरी कोथरूडला. वीसेक जणांनी ‘रडू आलं’ लिहिलं. एका अनोळखी बाईंनी मात्र लिहिलं: ‘सबस्पेस तूच दुसऱ्या भागात जाळलंस. मग गुरू आणि पृथ्वी जवळात जवळ असले तरी रेडिओचा संदेश पोचायला ३३ मिनिटं लागणार. आई लगेच कशी उत्तर देते? पण ती ऐकता ऐकता हातातली आमटीची वाटी तशीच धरून राहते, त्या वाक्याला हात लावू नकोस.’

दोन दिवस धुसफुसले. मग प्रसंग पुन्हा लिहिला. नायिकेची माफी वाटेतच असते आणि तेवढ्यात आईचा राग येऊन पोचतो, आधीच्या बोलण्यावरचा. माफी ऐकून आई काय म्हणाली, ते यानात पोचेपर्यंत नायिकेनं रेडिओ बंद केलेला असतो. मी आजवर जे काही लिहिलं त्यात हाच प्रसंग खरा उतरलाय, आणि तो त्या वीस ‘रडू आलं’मधून आलेला नाही. मी लिहिणं सोडलं नाही. त्या बाईंनी माझा दुसरा भाग माझ्यापेक्षा लक्ष देऊन वाचला होता, त्याचा अपमान कसा वाटेल?

‘मागितल्याशिवाय बोलू नये’ हा मुद्दा राहिला. कथा चारचौघांत मांडली की चारचौघं बोलणार. त्यावर मला जास्त काही म्हणायचं नाही.

आणि ‘मॅडम’ नको. त्या शब्दात आदर नव्हता हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या अकरा ओळींत एकाही कथेचं नाव नाही, एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही, सगळा रोख माझ्यावर. पुन्हा लिहाल तेव्हा एखादी कथा घेऊन या. मी वाचेन, आणि तुम्हाला त्यात काय दिसलं तेही ऐकेन.