तेलाचं विरजण

तळणीचं तेल टाकून देणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर आज शिकून घ्या. तेल दह्यासारखं चालवायचं असतं. जुनं थोडं राखायचं, त्यावर नवं ओतायचं, आणि गणपतीच्या तळणीच्या मोदकांपासून होळीच्या कुरडयांपर्यंत वंश अखंड ठेवायचा. एखादा शहाणा सांगेल की जुन्यात ओतलेलं ताजं तेलसुद्धा लवकर बिघडतं. मग विरजणाचं काम दुसरं काय असतं?

आधी डबा. स्टीलचा, ओट्याखालचा, वर जुनी गाळणी उपडी घातलेला. आमच्या डब्याच्या तळाशी बोटभर गाळ आहे. त्यात शेवेचे तुकडे, करपलेली मोहरी आणि आणखी एक काळी वस्तू आहे. मी म्हणतो तो बटाट्याचा काप, बायको म्हणते मिरची. गेल्या दिवाळीपासून वाद मिटलेला नाही. तुम्हीही गाळत बसू नका. हा गाळ पुढच्या तळणीत पुन्हा जळतो आणि तेल आणखी लवकर काळं करतो, म्हणजे तुमचे कष्ट वाचतात.

तेल मुरलं हे ओळखायचं कसं? रंग बिनदुधाच्या चहासारखा होतो, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. झारा वर धरा. धार झरझर न पडता काकवीसारखी लोंबू लागली, की समजावं. पुरी सोडली की फेस कढईच्या काठापर्यंत चढतो आणि बसायचं नाव घेत नाही. शिवाय तेल जितक्यांदा तापवाल तितका धूर कमी आचेवर निघू लागतो, म्हणजे गॅसचीही बचत. डोळे चुरचुरतात ते अ‍ॅक्रोलिनमुळे. तेलातलं ग्लिसरॉल जळलं की ते तयार होतं. कढईच्या बाहेर जो काळा चिवट थर बसतो, ज्याच्यापुढे तारेची घासणी हात टेकते, तेही तेलच. फक्त त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले. अशी एकी हल्ली माणसांत दिसत नाही.

'आम्ही सूर्यफुलाचं वापरतो, हलकं असतं' म्हणणाऱ्यांचं विशेष अभिनंदन. सूर्यफूल, सोयाबीन या तेलांतलं लिनोलेइक आम्ल तळणीच्या १८० अंशांच्या आसपास वारंवार तापलं की फुटतं आणि त्यातून एचएनई नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते पेशींना इजा करतं. असं पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल प्रयोगशाळेत उंदरांना खाऊ घातलं, तर त्यांचा रक्तदाब वाढला आणि रक्तवाहिन्याही बिघडल्या. पण उंदीर कुठे दिवाळी करतात? त्यांना सवय नसणार. आणि ज्या माउलीला सगळ्यांना वाढून स्वतः खायला वेळच मिळत नाही, तिने नुसतं कढईपाशी उभं राहावं. कडक तळणीचा धूर कर्करोगाला बहुधा कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१० मध्येच नोंदवलं आहे. धुरावर तिचाच पहिला हक्क.

नाक्यावरच्या वडेवाल्याला मात्र जरूर नावं ठेवा. त्याच्यासाठी नियमच आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तापून तापून तेलात साठणारी बिघाडाची द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल तळणीला वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्रही मिळतं, कढईत बुडवलं की आकडा दाखवतं. रोज ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्या धंद्यांनी वहीत नोंद ठेवायची. तुम्ही रोज ५० लिटर तळत नाही, त्यामुळे वही नको, यंत्र नको, लाजही नको. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची 'रुको' योजनाही त्याच वर्षी आली. आता मला सांगा, जे ट्रकला चालतं ते जावयाला का चालू नये?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २०२४ च्या सूचनांत म्हणते, एकदा तळून झालेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीत संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. एक-दोन दिवसांत! तेवढ्यात तर आमचं तेल नीट निवतही नाही.

पाहुण्यांनी जेवणानंतर छाती चोळली तर ओवा द्या आणि 'बटाटा वातूळ असतो' म्हणा. घसा खवखवला तर हवा बदलली आहे. मुलाने पुरीला वास येतो म्हटलं, तर त्याला बाहेरचं खायची चटक लागली आहे. सगळं आटोपल्यावर तेल परत डब्यात ओता. गाळणी नीट बसावी म्हणून डब्याचा काठ पुसायला जाऊ नका. त्या चिकटपणावरच तर ती आजवर टिकून आहे.