‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ हे वाक्य प्रेसनोटमधून कायमचं काढून टाका

पावसाळा आला की धरणांच्या विसर्गाच्या प्रेसनोटा सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाची साधारण अशी असते: ‘धरण पूर्ण क्षमतेने भरले असून पाच स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत. दरवाज्यांतून ७१४० व वीजगृहातून १५०० असा एकूण ८६४० क्युसेक विसर्ग भोगावती नदीपात्रात सुरू आहे. नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’

यातला एकही आकडा चुकीचा नाही. तरीही ही नोट वाचून कोल्हापुरात नदीकाठच्या सुतारवाड्यातल्या बाईला फ्रिज माळ्यावर चढवायचा की नाही, ते कळत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. संकटातली सूचना वाचून माणसाला पुढच्या तीन तासांत काय करायचं ते ठरवता आलं पाहिजे. ते जमत नसेल, तर ती सूचना खात्याने स्वतःच्या फाईलसाठी काढली, असंच म्हणावं लागेल.

आता ‘८६४० क्युसेक’ घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चोवीस टँकर रिकामे होताहेत. ऐकायला भीतीदायक आहे, पण उपयोग शून्य. कारण हे पाणी नदीत आधीच असलेल्या पाण्यावर किती चढणार आणि माझ्या गल्लीत कधी पोहोचणार, हे त्यात कुठेच नाही. क्युसेक ही इंजिनिअरची भाषा. नदीकाठचा माणूस फुटांत विचार करतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे चार आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आयर्विनला किती फूट झालं की सूर्यवंशी प्लॉटात, इनामदार प्लॉटात, कर्नाळ रोडला पाणी शिरतं, याच्या याद्या लोकांच्या फोनमध्ये फिरत असतात. लोकांनी स्वतःची भाषा तयार केली आहे. खातं मात्र त्या भाषेत बोलत नाही.

राधानगरीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तिथले सात दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. कुणा साहेबाच्या सहीची गरज नाही. म्हणजे दरवाजा पहाटे दोनला उघडू शकतो, पण नोटेला सही लागते आणि साहेब सकाळी उठतात. मधले पाच-सहा तास व्हॉट्सॲपचे. म्हणून ही नोट धरण ९०-९५ टक्के भरलं असतानाच लिहून, तपासून, मंजूर करून ठेवायची. फक्त वेळ आणि दरवाज्याचा क्रमांक भरायचा बाकी ठेवायचा. ड्यूटीवरच्या शाखा अभियंत्याला ती पाठवायचा अधिकार आधीच लेखी द्यायचा. मंजुरीची साखळी जितकी लांब, तितका मजकूर गुळगुळीत होत जातो. प्रत्येक टेबलावर एकेक आकडा गळतो आणि ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ वाढतं.

मग नोट कशी असावी? उदाहरणादाखल, आकडे काल्पनिक:

‘बुलेटिन क्र. ७, सकाळी ८. राजाराम बंधारा ३७ फूट, तासाला ३ इंच वाढ. हाच वेग राहिला तर दुपारी ४ च्या सुमारास इशारा पातळी. सुतारवाड्यातल्या कुटुंबांनी दुपारी १ पर्यंत अमुक शाळेत हलावं. रेशनकार्ड, औषधं, चार्जर सोबत घ्या. जनावरं तमुक मैदानावर, चाऱ्याची सोय आहे. पुढचं बुलेटिन ११ वाजता.’

यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. पुढची माहिती कधी मिळणार हे कळलं की माणूस दर पाच मिनिटांनी ग्रुप उघडत नाही. आणि ११ म्हणजे ११. नवीन काही नसलं तरी ‘पातळी स्थिर, बदल नाही’ एवढं टाकायचंच. एक बुलेटिन चुकलं की त्या रिकाम्या जागेत ‘धरणाला तडे गेले’ येऊन बसतं आणि त्याचं खंडन करण्यात पुढचे चार तास जातात.

क्रमांक आणि वेळ मजकुराच्या आत, पहिल्याच ओळीत हवी. २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ आजही दर पावसाळ्यात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. तारीख नसलेली नोट तशीच पुढच्या वर्षी परत येते. आणि कृपा करून सही-शिक्क्याचा तिरका स्कॅन पाठवू नका. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली फाईल वार्ताहराच्या फोनवर उघडली की अक्षरांची खिचडी होते, मग तो घाईत आकडे हाताने टाईप करतो आणि ४१ चे १४ होतात. साधा युनिकोड मजकूर पाठवा. तो कॉपी होतो, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जसाच्या तसा वाचता येतो. वाचून दाखवताना धाप लागत असेल, तर वाक्य लांब झालंय.

पत्रकारांचं म्हणाल तर तक्रार नेहमी एकच, ‘मीडिया पॅनिक करतो’. अर्ध्या वेळी त्याला कारण आपण, म्हणजे प्रशासनच, असतो. तालुक्याचा वार्ताहर सकाळपासून पाच जणांना फोन लावतो: तहसीलदार मीटिंगमध्ये, अभियंता धरणावर, रेंज नाही. शेवटी जो फोन उचलतो तो ‘सूत्र’ होतो. त्यापेक्षा एकच बोलणारा नेमा, तो झोपला तर दुसरा कोण हे ठरवा, आणि दोघांचे नंबर ग्रुपवर पिन करा. दिवसातून तीन ब्रीफिंग, ठरलेल्या वेळी. संध्याकाळचं ब्रीफिंग आवृत्त्या सुटण्याआधी, नाहीतर उद्याच्या पेपरात कालची पातळी छापून येते. प्रत्येक ब्रीफिंगला राजाराम आणि आयर्विनसोबत कोयना धरणाचा आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा पाण्याचा आवक-जावक आकडा एकत्र द्या. अलमट्टीचा आकडा ‘आपला नाही’ म्हणून गाळला, की सांगलीत तो तिसरीकडून येतो, आणि मोठा होऊन येतो.

माहीत नसेल तर? ‘मोजणी चालू आहे, सहा वाजता सांगतो.’ बस. अंदाज द्यायचा नाही. मृतांच्या आकड्याबाबत तर अजिबात नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, तेव्हा आकडा पुढे वाढत गेला. पाणी ओसरल्याशिवाय तो अंतिम होऊच शकत नाही. म्हणून आकड्याला नेहमी वेळ चिकटवायची: ‘दुपारी ३ पर्यंत हाती आलेले’. मग वाढला तरी आधीचा खोटा ठरत नाही, आणि ‘सरकारने आकडा लपवला’ म्हणायला जागा राहत नाही. नावं घरच्यांना कळवल्याशिवाय बाहेर नाहीत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

त्याच आठवड्यातला शासन निर्णय आठवतोय का? मोफत १० किलो गहू आणि १० किलो तांदळासाठी भाग दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट. प्रशासकीयदृष्ट्या निकष कुठला तरी लागतोच, मान्य. पण लोक छपरावर बसलेले असताना तो कागद बाहेर आला आणि जे व्हायचं तेच झालं. निकषाचा कागद लोकांच्या हातात पडण्याआधी ‘आज रात्री कुणाला काय मिळणार’ हे सांगून झालेलं असायला हवं. क्रम उलटला की मदतही अपमानासारखी वाटते.

मुंबईकरांना २६/११ आठवेल. तिथे उलटा प्रकार झाला. ठरलेलं ब्रीफिंग नाही, म्हणून कॅमेरे थेट कारवाईवर. कसाबच्या निकालात, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. आज केबल टीव्हीच्या नियमांत अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने माहिती द्यायची अशी तरतूद आहे. पण बंदी पाळली जाण्यासाठी ती ‘ठरावीक वेळ’ खरोखर पाळावी लागते.

शेवटचा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित. पातळी इशाऱ्याखाली आली की बुलेटिनं बंद होतात, अधिकारी दोन दिवस झोपतात (त्यांचाही दोष नाही). लोकांचे खरे प्रश्न मात्र तिथून सुरू होतात. मीटर ओला आहे, मेन स्विच चालू करू का? नळाचं पाणी कधीपासून प्यायचं? पंचनाम्याला तलाठी कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत? म्हणून पाणी उतरायला लागलं त्याच दिवशीच्या बुलेटिनमध्ये हे एक वाक्य घाला: चिखल काढण्याआधी घराचे, सामानाचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढून ठेवा. तिसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही, तोवर घरं धुऊन झालेली असतात.