धार डोळ्यांदेखत, अटी डोळे मिटून

कोल्हापूरच्या माणसाला कुणी फसवू शकत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. गुळाची ढेप घेताना आपण खडा तोडून जिभेवर ठेवतो, मटण घेताना खाटकाच्या सुरीवरची नजर हलवत नाही, आणि दुधात पाणी नको म्हणून थेट गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीपाशी जाऊन उभे राहतो. असा माणूस मोबाईल घ्यायला राजारामपुरीत शिरला की कंपन्यांच्या पोटात गोळा येत असणार. त्यांना एवढा त्रास होऊ नये म्हणून हा लेख. उत्तम गिऱ्हाईक कसं व्हावं आणि झाल्यावर कट्ट्यावर काय बोलावं, याचा मी गेली पंधरा वर्षं अभ्यास केलाय. फी म्हणून चार फोन भरलेत.

आधी तालीम निवडा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉलच्या तालमी समोरासमोर आल्या की गोल कसा झाला याला महत्त्व नसतं, कुणी केला याला असतं. फोनचंही तसंच. एकदा आयफोनवाले झालात की दुसऱ्याच्या फोनमध्ये काही चांगलं दिसता कामा नये, आणि अँड्रॉइडवाले झालात की आयफोन घेणाऱ्याने किडनी विकली, हा विनोद दर गणपतीत ताज्या उत्साहाने करायचा. पाटाकडीलचा गोलकीपर निदान संध्याकाळी चहाच्या गाड्यावर भेटतो. क्यूपर्टिनोचे, म्हणजे ॲपलचे, मालक भेटायचे नाहीत. पण निष्ठा अशी अंतर मोजून ठेवायची नसते. कुणी मध्येच काढलं की २०१७ च्या आयफोन टेनचा ओएलईडी डिस्प्ले सॅमसंगच्याच कंपनीने पुरवला होता, तर पटकन ऊसदरावर बोलायला लागा. खाली आपण एकमेकांची कॉलर धरलेली असताना वर दोघं एका पंगतीला बसले होते, हे ऐकायला कुणाला बरं वाटेल?

दुकानात गेल्यावर आकडे विचारा, अर्थ विचारू नका. कॅमेरा किती? दोनशे मेगापिक्सेल. बास, विषय संपला. हा दोनशेवाला कॅमेरा एरवी सोळा बारके पिक्सेल एकत्र करून एक बनवतो आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. त्यात खोटेपणा काही नाही, अंधारात फोटो बरा येतो तो त्यामुळेच. पण बाहेर पाटी साडेबाराची लावली तर आत कोण येईल? आणि रंकाळ्यावरच्या मावळतीचा तुमचा तो फोटो शेवटी व्हॉट्सॲपवर जाणार, तिथे तो चरकात घातल्यासारखा पिळला जाणार आणि मामांच्या फोनवर चिपाड पोचणार. मामा त्यावर अंगठा दाखवणार. दोनशेने भागायचं काय आणि साडेबाराने बिघडायचं काय!

साठवणुकीचंही असंच. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉलीमागे थोडं वजन कमी भरलं तर आपण काटामारी म्हणून रस्त्यावर उतरतो. १२८ जीबीचा फोन घरी आणून उघडला की त्यातली बरीच जागा सिस्टीमने आणि कधी न मागितलेल्या ॲपांनी आधीच पथारी पसरून अडवलेली असते. त्यातली काही ॲपं तर काढताही येत नाहीत, घरातल्या कुळासारखी. इथे मात्र कुणी रस्त्यावर उतरू नये. दुकानदाराला फक्त स्क्रीनगार्ड फुकट मागायचा. त्याने तो दिला की आपण त्याला पुरता लुटला, या समाधानात बाहेर पडायचं.

पैसे रोख तर देऊच नका. बिनव्याजी हप्ता घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. पण रिझर्व्ह बँकेला राजारामपुरीतलं काय कळतंय? हिशोब असा असतो: बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत दाखवते, आणि फिट्टंफाट झाली म्हणून तिला बिनव्याजी म्हणायचं. समजा व्याज १,३०० रुपये झालं. ते सुटेल, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे २३४ रुपये तुमचे. वर प्रोसेसिंग फी, आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. लक्ष्मीपुरीच्या बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीमागे दोन रुपयांसाठी तुम्ही ज्या आवाजात भांडता तो आवाज इथे काढू नका. एसीत बरं दिसत नाही.

खोकं घरी उघडताना व्हिडिओ काढायचा असतो. आत काय नाही, ते त्यात छान दिसतं. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन सेव्हनमधून हेडफोनचं भोक बुजवलं आणि व्यासपीठावरून त्याला धाडस म्हटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये खोक्यातला चार्जर गेला, तो पर्यावरणासाठी. सॅमसंगने त्यावर थट्टा करून घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये स्वतःच्या एस ट्वेंटीवनच्या खोक्यातून चार्जर गुपचूप काढला. याला म्हणतात शेजारधर्म. उद्या मिसळीच्या हॉटेलात ताट आलं, त्यात पाव नाही, आणि मालक म्हणाला की पर्यावरणासाठी पाव बंद केलाय, बाहेरच्या काउंटरवर वेगळा मिळेल, तर काय होईल याची कल्पना करा. नको, करू नका. त्या मालकालाही बायकामुलं आहेत.

आता दुरुस्ती. इथे माझ्याकडून एक पाप घडलंय, ते सांगून मोकळा होतो. गेल्या दिवाळीनंतर माझा फोन दुपारपर्यंतच टिकायला लागला. बॅटरी थकली होती, बाकी सगळं ठणठणीत. कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेलो (कोणती कंपनी, ते राहू द्या). तिथल्या मुलाने फोन हातात न घेताच सांगितलं, "सर, चार वर्षं झाली ना? पार्ट येईपर्यंत थांबण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या." सूज्ञाने ऐकलं असतं. मी ऐकलं नाही आणि एका बोळात गेलो, जिथे हातभर रुंदीच्या टेबलावर एक पोरगा भिंग लावून बसतो. त्याने फोन तव्यासारख्या एका गरम प्लेटवर ठेवला. डिंक सुटायची वाट बघत चहा प्यायला, मलाही पाजला. मग प्लास्टिकची पातळ चकती कडेने अशी फिरवत नेली, जशी आई भाकरी तव्यावरून सोडवते. "चिकटवलंय ओ दादा सगळं. चार स्क्रू दिले असते तर तुमचं तुम्हीच काढलं असतं की." मी म्हटलं, "मग का देत नाहीत?" त्याने भिंग वर केलं, माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. चौदाशे रुपये घेतले. फोन आता रात्रीपर्यंत चालतो, फक्त सेटिंगमध्ये एक ओळ कायमची आली आहे की ही बॅटरी ओळखीची नाही. सासरी गेलेल्या मुलीच्या पदरात असा टोमणा रोज पडला तर आपण बैठक बसवतो. फोनचा टोमणा ऐकून घ्यायचा.

तुम्ही असलं काही करू नका. फोन मंदावला की तो म्हातारा झाला असं समजायचं आणि दसऱ्याची सेल बघायची. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग आपणच कमी करतो. कारण दिलं की ते मध्येच बंद पडू नयेत. पुढे अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायची ठरली. पण बॅटरी बदलली की वेग परत येतो, ही गोष्ट आधी मोकळेपणाने सांगितली असती तर नवे फोन कुणी घेतले असते? धंदा असा लोकांना शहाणं करून चालत नाही. ही विद्याही आजची नाही. १९२४ मध्ये जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की बल्ब हजार तासांच्या आसपासच जळावा, आणि ज्याच्या कारखान्यातला बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. हे मी उद्यमनगरातल्या एका टर्नर मित्राला सांगितलं. त्याने लेथ थांबवला आणि विचारलं, "टिकलं म्हणून दंड?" त्याचा बाप ऊस गाळायच्या चरकाचे सुटे भाग करायचा, ते अजून फिरतायत. धंद्यात मागे राहिलेलं घराणं.

युरोपची नक्कल तर मुळीच करू नये. त्यांनी कायदा करून सगळ्यांना चार्जिंगसाठी एकच सी पोर्ट लावायला लावलं आणि २०२३ मध्ये आयफोनलाही वाकावं लागलं. २०२७ च्या फेब्रुवारीपासून तिकडे वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी द्यायचा नियम लागू व्हायचा आहे. पळवाटा ठेवल्यात म्हणा. आपल्याकडेही सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलंय. तिकडे फिरकू नका. गर्दी नसलेल्या ठिकाणी जायची आपल्याला सवय नाही.

फुकट मात्र मिळेल ते सगळं घ्या. गुऱ्हाळावर गेलं की रस फुकट, काकवी फुकट, निघताना हातात गरम गुळाचा गोळा. म्हणून फुकट म्हटलं की आपल्याला गुऱ्हाळच आठवतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हाही तेच आठवलं. घरातल्या प्रत्येकाने सिम घेतलं, आज्जीने दोन घेतली. मग दर आले, मग दर वाढले, जुलै २०२४ मध्ये तर सगळ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ वाढवले. तोवर आज्जीला कीर्तन फोनवरच ऐकायची सवय लागली होती. पैसे भरून पिक्चर बघायचे, तिथेही आता मध्ये जाहिराती लागतात आणि जाहिराती नकोत तर त्याचे वेगळे पैसे. आमच्या गुऱ्हाळवाल्याला ही युक्ती कधीच सुचली नाही. सुचली असती तर पहिला गोळा फुकट, आणि दुसऱ्या वर्षीपासून जीभ भाड्याने.

शेवटचा आणि सगळ्यात सोपा धडा म्हणजे 'मला मान्य आहे'. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या चपला उतरवल्या आणि आपलं नाव घेतलं नाही. काय संतापलो होतो आपण! चपलेला २०१९ चं भौगोलिक मानांकन आहे, आमच्या कारागिराची मेहनत विचारल्याशिवाय उचलता काय, असं सगळं आपण लिहिलं. बरोबरच लिहिलं. फोनवर लिहिलं. त्या फोनला आपण कुठे झोपतो, किती वाजता उठतो, कुणाच्या लग्नाला गेलो आणि आहेर कितीचा केला, हे सगळं विचारून नेता येतं, कारण त्याने विचारलं होतं आणि आपण बटण दाबलं होतं. अमेरिकेत २०१३ मध्ये एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई झाली, ते माणसांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. टॉर्च! आमच्या मळ्यात रात्री पाणी पाजायला जाताना वापरतात ती वस्तू. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या तेव्हा आमचा भिशीचा ग्रुप बाणेदारपणे सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर गेला होता. चौथ्या दिवशी भिशी कुणाला लागली हे तिथे कुणीच बघेना, तेव्हा सगळे परत आले. अटी मान्य करूनच आले. न वाचता, अर्थात. वाचून दिली तर ती मान्यता कसली, तो संशय झाला.

या धड्यात आमच्या आबांचा हात धरणारा कुणी नाही. वय अठ्ठ्याहत्तर. परवा संध्याकाळी त्यांना घेऊन गंगावेशीत गेलो होतो. म्हशी बांधलेल्या, पितळी चरवीत धार वाजत होती. आबा चपला करकरवत अगदी जवळ गेले, गवळ्याचे हात कोपरापर्यंत नीट बघून घेतले, चरवी आधी उपडी करून दाखवायला लावली.

"पाणी न्हाई न्हवं रं तळाला?"

"आबा, तीस वर्सं झाली पिताय की तुम्ही."

"म्हणूनच इचारतोय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पैसे द्यायचं ॲप अपडेट झालं होतं आणि नव्या अटी मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ देईना. मी अंगठ्याने वर सरकवत राहिलो, पान संपेना. बारीक अक्षरं, त्यातही 'तृतीय पक्ष' हा शब्द तीनदा दिसला. म्हटलं, "आबा, तुमची माहिती कुणाकुणाला देणार ते लिहिलंय यात, वाचून दाखवू?"

"दाब की ते हिरवं. किती वेळ बघत बसलायस?"

मी दाबलं. गवळी ग्लास भरायला लागला तसा आबांनी त्याचा हात धरला.

"फेस बसू दे आधी. मग माप घाल."