छतं लाखो, सर्व्हर एक: ‘विखुरलेल्या सोलरला हॅकर काय करणार?’ या दाव्याचा प्रतिवाद

छतांवर पॅनल वाढले तसा एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: वीज आता ठिकठिकाणी तयार होते, म्हणून सायबर हल्ल्याने ग्रिड पाडणं अशक्य; एक केंद्र पडलं तरी बाकीची चालूच. छोट्या सिस्टिमच्या वाटेला कोणी जात नाही. मोठ्या प्रकल्पांना फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारा, असतेच. उरला धोका चिनी इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा, तर त्याला इंटरनेटशी जोडणारा वायफाय डोंगल उपटला की विषय संपला.

‘बाकीची चालूच राहतात’

ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला जोडलेला, इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही अँटी-आयलंडिंगची सोय सक्तीची आहे. म्हणजे ग्रिड पडलं की बॅटरी आणि बॅकअप नसलेली छतंही पडली.

शिवाय विखुरलेली आहे ती निर्मिती. नियंत्रण एकवटलेलं आहे. एका कंपनीचे लाखो इन्व्हर्टर त्याच कंपनीच्या क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरशी, बोलतात, आणि तिथून चालू-बंद, आउटपुटची मर्यादा, ग्रिड कोडची (ग्रिडला जोडून राहण्याच्या नियमांची) सेटिंग, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) असं बरंच काही बदलता येतं. 3 किलोवॅटचे 10 लाख इन्व्हर्टर म्हणजे 3,000 मेगावॅट. युरोप खंडाच्या जोडलेल्या ग्रिडमध्ये एका झटक्यात एवढी निर्मिती गेली तरी सावरता यावं, या हिशोबाने राखीव क्षमता ठेवतात. भर दुपारीही सगळी छतं पूर्ण 3 किलोवॅट देत नाहीत, हे मान्य. पण पीएम सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट 1 कोटी घरांचं आहे, हेही लक्षात घ्या.

हे नुसतं कागदी गणित नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बिटडिफेंडर या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सोलरमन या इन्व्हर्टरवर देखरेखीच्या प्लॅटफॉर्मवरच्या त्रुटी जाहीर केल्या. त्यातून कोणाच्याही खात्याचा ताबा घेता आला असता. त्रुटी दुरुस्त झाल्या, रचना तीच राहिली.

‘छोट्यांच्या वाटेला कोण जातंय?’

जपानमध्ये 2024 साली सोलर प्रकल्पांवर देखरेख ठेवणारी कॉन्टेक कंपनीची सुमारे 800 उपकरणं हॅकरांनी ताब्यात घेतल्याचं उघड झालं. त्यांना वीज नको होती. बँक खात्यांतून पैसे चोरताना स्वतःचा माग लपवायला दुसऱ्याचा इंटरनेट पत्ता हवा होता. हल्लेखोर घर बघून येत नाही. स्कॅनर सगळं इंटरनेट चाळतो आणि जे उघडं सापडेल ते घेतो.

‘फायरवॉल असतेच’

इथे थोडं थांबायला हवं. 29 डिसेंबर 2025 रोजी पोलंडमध्ये किमान 30 पवन आणि सौर प्रकल्पांवर एकाच वेळी हल्ला झाला. सर्ट पोल्स्का या तिथल्या सायबर सुरक्षा पथकाच्या अहवालानुसार वाट फायरवॉलमधूनच मिळाली: व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याचा खासगी मार्ग, तिच्यावरच होतं, आणि लॉगिनला दुसरा टप्पा, म्हणजे ओटीपीसारखं काही, नव्हतं. आत गेल्यावर आरटीयूवर, म्हणजे प्रकल्प दुरून बघण्या-हाताळण्याच्या यंत्रावर, कारखान्यातून आलेलं डिफॉल्ट खातं चालू होतं. त्यातून बिघडवलेलं फर्मवेअर चढवलं गेलं. बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या प्रोटेक्शन रिलेमधल्या फाइल डिफॉल्ट एफटीपी (फाइल पाठवण्याच्या) खात्यातून पुसल्या गेल्या. उपकरणांच्या सिरियल केबल नेटवर्कला जोडणाऱ्या सिरियल सर्व्हरचे पासवर्ड बदलून टाकले.

वीजनिर्मिती थांबली नाही. म्हणून ‘काहीच झालं नाही’ असं म्हणणारे आहेत. प्रत्यक्षात वितरण कंपनीला ते प्रकल्प दिसेनासे झाले आणि दुरून हाताळता येईनासे झाले. फर्मवेअर उडालेला आरटीयू ऑफिसात बसून जिवंत करता येत नाही, गाडी काढून जागेवर जावं लागतं.

आपल्याकडे शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधले प्रकल्प याच घडणीचे आहेत: आकाराने लहान, उपकेंद्राजवळ, दुरून हाताळले जाणारे. अशा प्रकल्पाचा ताबा घेताना ठेकेदाराकडून निदान एवढं करून घ्या. आरटीयू, रिले, राउटर आणि सिरियल सर्व्हरवरची डिफॉल्ट खाती बंद. प्रत्येक साइटचा पासवर्ड वेगळा. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवायची सवय सर्रास आहे, आणि त्यामुळेच एका साइटवरून तीस साइट जातात. रिलेवरचं एफटीपी आणि टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी, असुरक्षित सोय) बंद. फर्मवेअरची डिजिटल सही तपासण्याची सोय असेल तर ती चालू. उपकरणं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबस टीसीपीला, म्हणजे पोर्ट 502 ला, मुळात पासवर्डच नसतो. तो इंटरनेटवर कधीही उघडू नका. सर्व्हिस इंजिनिअरचा रिमोट अ‍ॅक्सेस एरवी बंद, मागितल्यावर ठरावीक वेळेपुरता उघडायचा. रिले सेटिंग आणि आरटीयू कॉन्फिगरेशनची प्रत नेटवर्कबाहेर, आणि सेट करून ठेवलेला एक आरटीयू स्टोअरमध्ये. फायरवॉलचे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण ती रीसेट केली की पुरावाही जातो.

‘धोका फक्त चिनी, आणि डोंगल काढला की संपलं’

कॉन्टेक जपानी आहे. पोलंडमध्ये फोडलेल्या उपकरणांत अमेरिकी, तैवानी आणि युरोपीय माल होता. मार्च 2025 मध्ये फोरस्काउट या सायबर सुरक्षा कंपनीने सोलर उपकरणांतल्या 46 त्रुटी जाहीर केल्या. त्यात चिनी सनग्रो आणि ग्रोवॅटच्या जोडीला जर्मन एसएमएही होती. चिनी मालाबद्दलची शंका मात्र पोकळ नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतले डेये या चिनी कंपनीचे काही इन्व्हर्टर दुरून बंद पाडले गेले आणि ‘इथे वापरायला परवानगी नाही’ असा संदेश पडद्यावर आला. ज्याचा सर्व्हर त्याचा स्विच. हे कोणत्याही देशाच्या कंपनीला लागू आहे.

डोंगल काढला तरी निर्मिती चालू राहते, हे खरं. पण बिघाड झाला तर तो थेट बिलावरून कळतो, आणि त्रुटी बुजवणारं फर्मवेअरही येत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये इन्व्हर्टरचं स्वतःचं वायफाय किंवा ब्लूटूथ उरतंच. त्यापेक्षा डोंगल राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाका, म्हणजे घरातले फोन-लॅपटॉप त्याच्यापासून वेगळे राहतील. अ‍ॅपचा आणि इन्व्हर्टरच्या हॉटस्पॉटचा, दोन्ही पासवर्ड बदला. राउटरचं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय, बंद करा.

मग अ‍ॅपमध्ये प्लांटचा मालक म्हणून कोणाचं खातं आहे ते बघा. बहुतेकदा बसवणाऱ्या एजन्सीचं असतं, आणि त्या एका लॉगिनखाली तिचे सगळे ग्राहक असतात. मालकी स्वतःच्या नंबरवर घ्या, एजन्सीला फक्त बघण्याची परवानगी ठेवा. एजन्सीने दुकान गुंडाळलं तरी तिचं लॉगिन आपोआप बंद होत नाही.