कोथिंबिरीचा जोडस्तंभालेख

आमच्या घरातला सगळ्यात उंच खांब मी आहे. उंची पाच फूट चार, पण सातवीतल्या कन्येने आलेखाच्या कागदावर मला तसा काढलाय. लाल रंगात. शेजारी हिरवा, बुटका, समजूतदार खांब तिच्या आईचा.

शाळेचा प्रकल्प होता: दोन ठिकाणचे जिनसांचे भाव बघा आणि जोडस्तंभालेख काढा. ही बातमी प्रथेप्रमाणे रविवारी संध्याकाळी फुटली आणि बायकोने मला पिटाळलं.

मोठ्या दुकानातच माशी शिंकली. तेलाची एक पिशवी लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅम. शेजारी तेवढीच फुगलेली दुसरी ८०० ग्रॅमची. पोह्यांच्या अर्ध्या किलोवर भाव ग्रॅमला, तांदळाच्या पाच किलोंवर किलोला. नियमच तसा आहे, किलोच्या आत ग्रॅमचा आणि वर गेलं की किलोचा भाव छापायचा. छापतात बिचारे, पण मुंगीने चष्मा लावून वाचावा एवढा. आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा? त्याचा खांब वर्षानुवर्षं तेवढाच. आतली बिस्किटं कमी होत गेली ती कुठल्या अक्षावर दाखवायची, हे पुस्तकात दिलेलं नाही.

असो. तिथून मंडईत आलो.

"मावशी, कोथिंबीर कशी?"

"पंधराला जुडी."

"किती ग्रॅमची?" कन्या म्हणाली.

मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. "ग्रॅम? पोरी, कोथमीर हाय ही, गंठण न्हवं."

"पण तुलना करायला एकक लागतं."

"मग जुडीच लिव्ह की."

"सगळ्या जुड्या सारख्या असतात?"

"तुझ्या वर्गातली पोरं सारखी असत्यात व्हय?"

कन्येने दप्तरातून स्वयंपाकघरातला काटा काढला. तो तिने आणलाय हे मलाही माहीत नव्हतं. तीन जुड्या भरल्या: १४०, ९५, २१० ग्रॅम. मावशींनी पदर सावरला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"पावणं, तुमी वजनमापं खात्यातलं न्हवं न्हवं?"

"नाही हो, शाळेचं काम आहे."

"ह्या वयात?"

मागे लिंबं निवडत उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. कन्या मात्र पेन्सिल सरसावून तयार. "म्हणजे जुडी पंधरा रुपये. लिहू?"

"कुनासाठी?"

"म्हणजे?"

"तुझ्या आईला धालाच देती मी. ती मुळं बघती, नाक मुरडती, चार पावलं जाती, परत येती. हेनी?" बोट माझ्याकडे. "हेनी 'कशी' म्हनून इचारत्यात आनि पाकीट काढूनच उभं ऱ्हात्यात."

"मावशी, मी इथेच उभा आहे."

"व्हय की. म्हनून तर पंधरा."

"मग कोणता भाव लिहू?" कन्या.

"दोनी लिव्ह. खोटं कशाला लिवायचं?"

पहाटेपासून बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणं मला जमत नाही. याला मी आजवर मनाचा मोठेपणा समजत होतो. मोठ्या दुकानातही मी घासाघीस करत नाही. तिथे कोणीच करत नाही, उलट वर पिशवीचे पैसे मुकाट मोजतो. त्याचा खांब कोणी काढत नाही!

रात्री तेल-पोहे बाद झाले. विषय ठरला 'आई आणि बाबांनी आणलेल्या भाजीचे भाव'. आडव्या अक्षावर कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, आलं; उभ्यावर १ सेमी = ५ रुपये. मी सुचवलं, १ सेमी = ५० रुपये घे, कागद वाचेल.

"मग फरकच दिसणार नाही, बाबा."

"तेच म्हणतोय."

तिने ५ च ठेवलं. बाईंनी 'निरीक्षण उत्तम' असा शेरा देऊन तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावला. शनिवारी पालकसभेत माझ्या आधी निदान सहा जणांनी तो वाचला होता. एका गृहस्थांनी तर "आल्याला एवढे?" असं विचारलंसुद्धा.

काल पुन्हा मंडईत गेलो. मुद्दाम पाकीट खिशातच ठेवून.

"चित्र काढलं का पोरीनं?" मावशी.

"काढलं. दहात नऊ पडले."

"आनि एक का कापला?"

"एकक जुडी लिहिलं म्हणून."

"बगा, मास्तरनीला बी काय कळंना." त्यांनी मोठीशी जुडी निवडून माझ्या पिशवीत टाकली. मी मुळं बघितली, नाक मुरडलं, चार पावलं गेलो.

मागून हाक आली, "पावणं, पैसं ऱ्हायलं! वीस!"