ब्रेक लागतो तेव्हा आणि गाडी आदळते तेव्हा

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. ‘गाडीत मूल मांडीवर धरणं पुरेसं नाही’ हे माझं म्हणणं तुम्हाला उगाच घाबरवणारं वाटलं. तुमचे मुद्दे दोन. आजवर कितीदा करकचून ब्रेक लागले, नातू हातातून सुटला नाही. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मूल जितक्या जोराने पुढे जाईल, तितक्याच जोराने हात त्याला मागे खेचतील.

तुमचा अनुभव खरा आहे, पण तो ब्रेकचा आहे. मूल १० किलोचं, गाडी ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. वस्तुमान गुणिले वेग, मुलाचा संवेग झाला ११०. गाडीबरोबर मूलही थांबायचं तर हा सगळा संवेग कुणीतरी काढून घ्यावा लागतो. जोरात ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला दीडेक सेकंद जातो, तेव्हा हातांना लागतं सुमारे ७३ न्यूटन बल. साडेसात किलोचं ओझं उचलण्याइतकं. ते जमतं. तीच गाडी झाडावर आदळली तर बॉनेट चेपून ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. संवेग तोच, वेळ पंधरा पट कमी, म्हणून बल पंधरा पट जास्त: ११०० न्यूटन. सिमेंटची दोन पोती अचानक हातांवर यावीत, त्याहूनही थोडं जास्तच.

आता तिसरा नियम. मूल हातांना जितकं ढकलेल तितकंच हात मुलाला ढकलतील, हे अगदी बरोबर. पण ते बल किती असेल, हे हा नियम सांगत नाही; ते तुमच्या पकडीवर ठरतं. समजा तुमच्या हातांनी ३०० न्यूटन लावले. मग मुलाकडूनही हातांवर ३००च येतील, नियम तंतोतंत पाळला जाईल, आणि त्या दहाव्या भागात मुलाचा संवेग फक्त ३० ने कमी होईल. उरलेले ८० घेऊन ते ताशी जवळपास २९ किलोमीटरने पुढच्या सीटवर जाईल. तिथे त्याला थांबवणारं बल त्याहूनही कमी वेळात, बहुधा डोक्यावर, लागेल.

शिवाय तुम्हीही त्याच वेगात असता. बेल्ट नसेल तर तुमचं सगळं वजन मुलावर येतं. एकाच बेल्टमध्ये दोघं बसलात तर मूल तुमच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चिरडतं, म्हणून तसंही कृपा करून करू नका.

दंडाचं तुम्ही विचारलंत: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये.

नातू वर्षाचा आहे, तेव्हा मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी चाइल्ड सीट घ्या. या वयात शरीराच्या मानाने डोकं जड आणि मान नाजूक असते; अशा सीटमध्ये समोरून धडक बसली की बल मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतं. बसवल्यावर बेल्ट जातो तिथे धरून सीट हलवून बघा. इंचभराहून जास्त हलली तर पट्टा अजून आवळायला हवा.