‘इमिटिनेफ मर्सिलेट’ नावाचं औषधच नाही

परवा तो फॉरवर्ड संदेश पुन्हा आला. आमच्या देवळाच्या जत्रोत्सवाच्या ग्रुपवर, पावणीच्या लिलावाचे आकडे आणि पालखीचे फोटो यांच्या मधोमध. मजकूर तोच: ‘इमिटिनेफ मर्सिलेट हे औषध रक्ताचा कॅन्सर बरा करते. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ते मोफत मिळते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.’

म्हापशातल्या एका लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे हा संदेश फिरला की कोणीतरी विचारतंच, ‘कितें गो, हें खरें?’ एरवी मी ‘ना’ एवढंच लिहून सोडून देते. या वेळी विचारणाऱ्या काकांच्या भाच्याचा रिपोर्ट नुकताच आला होता आणि मडगावहून चेन्नईची गुरुवारची दोन तिकिटं काढून झाली होती. म्हणून सविस्तर लिहिते.

नावाचं आधी उरकते. औषधाचं नाव आहे इमॅटिनिब मेसिलेट. फॉरवर्ड होता होता त्याची ही दशा झाली. संदेशातलं नाव घेऊन फार्मसीत गेलात तर हात हलवत परत याल.

‘रक्ताचा कॅन्सर बरा करते’ हे वाक्य मात्र निव्वळ खोटं नाही, आणि घोळ तिथेच आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या एका प्रकारात इमॅटिनिबने खरोखर चमत्कार केला. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. १९६० साली फिलाडेल्फियात ते आखूड झालेलं २२वं गुणसूत्र दिसलं आणि १९७३मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी ही अदलाबदल दाखवून दिली. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. ते पेशींना ‘वाढा, वाढा’ असा हुकूम देतच राहतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत बसतं आणि हुकूम बंद पाडतं. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आधी ज्या आजारात बहुतेकांच्या हाती मोजकी वर्षं असत, त्यात मूळ चाचणीतले इमॅटिनिब घेणारे सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

तरीही सीएमएलमध्येसुद्धा मी ‘बरा करते’ म्हणणार नाही, ‘दाबून ठेवते’ म्हणेन. रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी, जेवणासोबत, ग्लासभर पाण्याबरोबर, वर्षानुवर्षं. दर तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी तपासणी: तीन महिन्यांत बीसीआर-एबीएल १० टक्क्यांच्या खाली यायला हवं, वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत. काही वर्षं फारच चांगला प्रतिसाद टिकला तर डॉक्टर देखरेखीखाली गोळी थांबवून बघतात. तशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार डोकं वर काढतो आणि गोळी पुन्हा सुरू होते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर गोळी सोडणं म्हणजे शत्रूला सवड देणं.

आणि बाकीचे प्रकार? सूक्ष्मदर्शकाखाली सीएमएलची स्लाइड म्हणजे शाळेचं भरलेलं मैदान. बालवाडीपासून दहावीपर्यंतचे सगळे वर्ग एकदम बाहेर आलेले, म्हणजे कच्च्यापासून पक्क्यापर्यंत सगळ्या पांढऱ्या पेशी. अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियात मैदानभर नुसती बालवाडी, मोठं माणूस औषधालाही नाही. दोन्ही रक्ताचेच कॅन्सर, पण इमॅटिनिबला पकडायला लागणारं ते प्रथिन बहुतेक अक्यूट ल्युकेमियांत नसतंच. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या अक्यूट ल्युकेमियात, एएलएलमध्ये, काहींना ते असतं. त्यांना ही गोळी देतात, पण केमोच्या जोडीने. मायलोमा, लिम्फोमा या रक्ताच्या इतर कॅन्सरांचे मार्ग आणखी वेगळे.

लहान मुलांचा एएलएल आज चांगल्या केंद्रांत बहुतांश मुलांमध्ये बरा होतो, पण दोन-तीन वर्षांच्या, अनेक औषधांच्या उपचाराने. सुरुवात १९४८ची. बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलं आणि १६पैकी १० मुलांना उतार पडला, तोही तात्पुरता. (ते औषध ज्यांच्या चमूने बनवलं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.) तात्पुरत्या उतारापासून बरं होण्यापर्यंत यायला पुढची कित्येक दशकं औषधांच्या जुळण्या करून बघाव्या लागल्या. ‘एक गोळी, सगळा रक्ताचा कॅन्सर’ ही कल्पना इथेच बाद होते.

‘अड्यारला मोफत’. १९५४पासून काम करणारी ती संस्था नामांकित आहे, पण हा संदेश दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा तिनेच केलेला आहे. ‘मोफत’चा धागा बहुधा दुसरीकडचा असावा: नोव्हार्टिस कंपनी मॅक्स फाउंडेशनमार्फत काही सीएमएल रुग्णांना हे औषध फुकट देत असे. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय बनावटीचं दहा हजारांच्या आसपास पडे. निकालामुळे ही स्वस्त भारतीय गोळी बाजारात राहिली. आज गोळीपुरतं चेन्नई गाठायचं काही कारण नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते घेऊन आधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, चौकशी करा.

राहिलं शेवटचं वाक्य: पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल. काकांना मी भाच्याच्या रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितलं. प्लेटलेट्स अठरा हजार, म्हणजे फारच कमी, हिरड्यांतून रक्त, आणि खाली लिहिलेलं: प्रोमायलोसाइट्स (कच्च्या पांढऱ्या पेशी), एपीएलचा, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाचा संशय. एपीएल बरा होणाऱ्या अक्यूट ल्युकेमियांत सगळ्यात वरचा. एटीआरए (अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध) आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड वेळेत मिळालं तर दहांतले नऊ जण वाचतात. पण उपचाराआधीच्या दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो, म्हणून एटीआरए नुसत्या संशयावर, त्याच दिवशी सुरू करतात. इमॅटिनिबचा इथे काडीचा उपयोग नाही. डॉक्टरांनी ‘आजच दाखल करा’ सांगितलेलं होतं, आणि घरचे गुरुवारची वाट बघत होते. तो सोमवार होता.

फोनवर काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘आणि तिकिटां?’

‘रद्द करा. आधी गाडी काढा.’

संध्याकाळी तो दाखल झाल्याचं कळलं. रात्री ग्रुप उघडला तर त्या संदेशाखाली अकरा जणांनी हात जोडले होते, आणि कोणीतरी तो कोकणीत करून पुन्हा टाकला होता.